ओवी आणि कांडण : श्रमपरिहाराच्या एका देशी गानाचा पुरावा

(१) विषयप्रवेश

ओवी म्हटली कीं जातें डोळ्यांपुढें उभें राहतें. पहाटेची वेळ, मिणमिणता दिवा, जात्याची घरघर आणि त्या घरघरीवर चढलेला बाईचा गळा, हें चित्र इतकें रूढ झालें आहे कीं ओवी ही मुळांत जात्यावरचीच, असें क्रमिक पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सर्वत्र निःशंकपणें सांगितलें जातें. गेल्या दोन शतकांतील ओवीपुरतें तें खरेंहि आहे. परंतु ओवीविषयींचा जो सर्वांत जुना स्पष्ट लेखी उल्लेख आज उपलब्ध आहे, तो उघडून पाहिला असतां त्यांत जात्याचें नांवहि नाहीं. तेथें आहे तें उखळ-मुसळाचें काम, म्हणजे कांडण.

हा भेद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. दळण काय आणि कांडण काय, दोन्ही बायकांचींच कामें, दोन्ही धान्याचींच. परंतु गाणें श्रमाशीं कसें जडलें, श्रम हलका करण्याची शक्ति त्यास कोठून आली, आणि ओवीस तिचा विशिष्ट घाट कसा मिळाला, या तिन्ही प्रश्नांचा धागा या एका शब्दांत गुंतलेला आहे. म्हणून त्या शब्दाचा नीट निवाडा करावा, आणि त्यावरून आपणां संग्राहकांचें कांहीं कर्तव्य निघतें तें सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) गीत आणि दुःखपरिहार : शास्त्रकारांचें मत

गाण्यानें मनाचा शीण जातो हें कळण्यास शास्त्राची गरज नाहीं. तथापि आपल्या शास्त्रकारांनीं ही गोष्ट किती गंभीरपणें घेतली होती, याची आठवण असावी. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत नाट्याचें प्रयोजन सांगतांना दुःखानें, श्रमानें आणि शोकानें पीडलेल्यांस वेळेवर विश्रांति देणें हें एक प्रयोजन म्हणून गणलें आहे. तेथें श्रमार्तांचा निर्देश स्वतंत्र आहे, हें लक्ष्यांत ठेवण्यासारखें आहे. केवळ रसिकांच्या करमणुकीसाठीं नव्हे, तर थकलेल्यांच्या विसाव्यासाठींहि ही कला आहे, असा त्याचा अर्थ.

वैद्यकांत तर ही गोष्ट व्यवहाराच्या पातळीवर येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंधराव्या अध्यायांत रुग्णासाठीं घर कसें बांधावें आणि त्यांत काय काय सिद्ध ठेवावें याची यादी आहे. त्या यादींत औषधें, भांडीं, अंथरुणें आणि सेवक यांच्याबरोबरच गीत व वाद्य यांत निपुण, तसेंच गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराण सांगण्यांत कुशल अशीं माणसें ठेवण्यास सांगितलें आहे. गायक हा तेथें चैनीचा विषय नसून खलबत्त्याइतकाच उपयोगाचा मानला आहे. पुढें चिकित्सास्थानांत राजयक्ष्म्याचे उपचार सांगतांनाहि गीतवाद्यांचे शब्द आणि कानांस गोड लागणारें बोलणें यांचा अंतर्भाव केलेला आढळतो.

या दोन धारा, नाट्यशास्त्राची आणि वैद्यकाची, ज्या एका ग्रंथकारांत मिळाल्या तो आपल्या देवगिरीचा शार्ङ्गदेव. त्याचा आजा भास्कर हा काश्मिरांतून दक्षिणेंत आला. बाप सोढल यास यादव राजा भिल्लम आणि पुढें सिंघण यांचा आश्रय मिळाला. शार्ङ्गदेव स्वतः सिंघणाच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १२१० ते १२४७ च्या सुमारास, दरबारच्या श्रीकरण खात्यांत मोठ्या अधिकारावर होता. संगीतरत्नाकराच्या आरंभीं त्यानें स्वतःविषयीं जें सांगितलें आहे तें मोठें हृद्य आहे. आपण धनानें गरजूंची पीडा, विद्येनें जिज्ञासूंची तहान आणि औषधांनीं रोग्यांचें दुःख दूर केलें, आतां सर्व लोकांचे त्रिविध ताप हरण करण्याच्या इच्छेनें हा ग्रंथ प्रकट करीत आहों, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. संगीताच्या ग्रंथाचें प्रयोजन म्हणून तापत्रयाचा परिहार सांगणारा हा हिशेबनीस-वैद्य आपला ग्रंथ देहाच्या उत्पत्तीपासून, गर्भापासून आणि नाड्यांपासून सुरू करतो, यांत नवल नाहीं. नाद हा त्याच्या मतें देहांतच उपजतो, म्हणून देहावर त्याचा उपचार चालतो. पाळण्यांतील अजाण मूल गाणें ऐकून रडें विसरतें, हा दाखला त्यानेंच दिला आहे.

या शास्त्रकारांनीं सांगितलेलें गीत बहुतेक गाणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशा प्रकारचें आहे. रुग्ण ऐकतो, गायक गातो. राजा ऐकतो, गायक गातो. परंतु ज्याला श्रम झाले तोच गातो, आणि श्रम चालू असतांनाच गातो, असाहि एक प्रकार आहे. त्यास ऐकणारा लागत नाहीं, आश्रयदाता लागत नाहीं आणि वेगळा वेळहि लागत नाहीं. या प्रकाराची नोंद शास्त्रग्रंथांतून क्वचितच होते. झाली ती महाराष्ट्रांतील बायकांच्या निमित्तानें झाली, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे.

(३) सोमेश्वराची साक्ष

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, उपपद भूलोकमल्ल, हा विक्रमादित्य सहावा याचा पुत्र. कल्याणी म्हणजे हल्लीं कर्नाटकांत बिदर जिल्ह्यांत असलेलें बसवकल्याण. त्याचा मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. पांच विंशतींचे मिळून शंभर अध्याय. राज्य मिळविण्यापासून पक्वान्नांपर्यंत आणि हत्तींच्या परीक्षेपासून खेळांपर्यंत राजास ठाऊक असावें असें सर्व त्यांत आलें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनीं तो संपादिला. पहिला खंड इ. स. १९२५ सालीं आणि संगीताचा भाग असलेला तिसरा खंड इ. स. १९६१ सालीं बाहेर पडला.

चौथ्या विंशतींतील गीतविनोदांत सोमेश्वर निरनिराळे गीतप्रकार कोणत्या प्रसंगीं गावेत हें सांगतो. विवाहांत धवल, उत्सवांत मंगल, योगी लोकांनीं चर्या, अशी ही मालिका आहे. त्याच ओघांत तो म्हणतो कीं महाराष्ट्रांत स्त्रियांनीं कांडण करतांना ओवी गावी. इतकेंच. श्लोकार्ध संपतो आणि राजा पुढच्या विषयाकडे वळतो.

या अर्ध्या श्लोकाचें मोल तिहेरी आहे. पहिलें, त्यांत देश, गाणारे, प्रसंग आणि गीताचें नांव या चारहि गोष्टी एकत्र आल्या आहेत. लोकगीताच्या इतिहासांत इतका संपूर्ण पुरावा फार दुर्मिळ. दुसरें, सोमेश्वर हा कानडी मुलखांतील राजा. महाराष्ट्राचा गौरव करण्याचें त्यास विशेष कारण नव्हतें. बाहेरच्या माणसाच्या कानावर ही गोष्ट महाराष्ट्राचें वैशिष्ट्य म्हणून आली, म्हणजे त्या काळींच ती रूढ व प्रसिद्ध असली पाहिजे. तिसरें, याच गीतविनोदांत त्यानें उदाहरणादाखल मराठी भाषेंतील गीतपंक्तिहि दिल्या आहेत, त्या विष्णूच्या अवतारांविषयीं आहेत. तेव्हां मराठी गाणें त्याच्या दरबारांत प्रत्यक्ष ऐकूं येत होतें, ऐकीव माहितीवर तो लिहीत नव्हता.

(४) 'कण्डन' शब्दाचा निवाडा

आतां मुद्द्याचा प्रश्न. सोमेश्वराच्या 'कण्डन' या शब्दाचा अर्थ पुष्कळ लेखक सहज 'दळणकांडण' असा करतात, आणि मग दळणच तेवढें हातीं ठेवून कांडण सोडून देतात. हा अर्थ ग्राह्य नाहीं, असें आमचें मत आहे. त्यास कारणें तीन.

पहिलें कारण कोशाचें. संस्कृतांत कण्डन म्हणजे मुसळानें धान्य सडणें, त्याचा कोंडा वेगळा करणें. दळण्यास पेषण हा स्वतंत्र शब्द आहे. हीं दोन कामें एक मानण्याची शास्त्रकारांची रीत नव्हती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या घरीं नकळत जीवहिंसा होण्याचीं जीं पांच स्थानें सांगितलीं आहेत, त्यांत चूल, पेषणी, केरसुणी इत्यादि उपस्कर, कण्डनी आणि पाण्याचा घडा हीं वेगवेगळीं मोजलीं आहेत. पेषणी आणि कण्डनी यांचा भेद ज्या परंपरेंत लहानपणापासून पाठ होत होता, त्या परंपरेंतील पंडित एकाऐवजीं दुसरा शब्द चुकून योजील हें संभवत नाहीं.

दुसरें कारण छंदाचें. वृत्ताच्या सोईसाठीं राजानें 'कण्डने' घातलें असेल, असा आक्षेप येण्यासारखा आहे. परंतु 'कण्डने' आणि 'पेषणे' हे दोन्ही शब्द गुरु-लघु-गुरु याच क्रमाचे आहेत. एकाच्या जागीं दुसरा ठेवला तरी वृत्तास बाध येत नाहीं. तेव्हां छंदानें त्याचा हात धरलेला नव्हता. 'पेषणे' म्हणावयाचें असतें तर तो म्हणाला असता.

तिसरें कारण वस्तूंचें. त्या काळीं फिरतें जातेंच नव्हतें, म्हणून दळणाचा उल्लेख नाहीं, असें म्हणावें तर तेंहि टिकत नाहीं. दक्षिणेंतील उत्खननांत सातवाहनकालाच्या थरांतून हातानें फिरवावयाच्या गोल जात्यांचे दगड मिळालेले आहेत. सोमेश्वराच्या पूर्वीं हजार वर्षें जातें आपल्या घरांत होतें. असें असतां त्यानें ओवी कांडणाशीं जोडली, ती तशी प्रसिद्ध होती म्हणूनच.

याचा अर्थ त्या काळीं जात्यावर कोणी गात नसे, असा नव्हे. निष्कर्ष इतकाच कीं ओवीचें नांव घेतांच बाराव्या शतकांतील माणसाच्या मनांत प्रथम मुसळाचा आवाज उमटत होता, जात्याचा नव्हे.

(५) शार्ङ्गदेवाचें लक्षण आणि ओवीचा घाट

सोमेश्वरानंतर सुमारें शंभर वर्षांनीं शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या प्रबंधाध्यायांत ओवीचें लक्षण दिलें. हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह पुण्याच्या आनंदाश्रमानें इ. स. १८९६-९७ मध्यें छापला, तेव्हांपासून तो मराठी अभ्यासकांच्या हातीं आहे. विप्रकीर्ण नांवाच्या प्रबंधांच्या वर्गांत चर्या, राहडी, मंगल, धवल यांच्या पंक्तींत त्यानें ओवीस बसविलें आहे. लक्षण असें : यमकानें जुळलेले तीन खंड देशभाषेंत गावे आणि शेवटीं 'ओवी' हें पद यावें, म्हणजे ती ओवी.

येथें तीन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एक, भाषा देशी. देशी गीत कशास म्हणावें याविषयीं मतंगाच्या बृहद्देशींत सांगितलें आहे कीं स्त्रिया, मुलें, गुराखी आणि राजे आपापल्या देशांत आवडीनें आणि स्वेच्छेनें जें गातात तें देशी. ओवी या व्याख्येंत चपखल बसते. दोन, तीन खंड आणि त्यामागून एक आखूड शेपूट हा आकार. ज्ञानेश्वरींतील ओवीहि तशीच आहे : तीन चरण यमकानें बांधलेले आणि चौथा लहान व मोकळा. बायकांच्या कंठांतील ओवींत यमक बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या शेवटीं येतें, पण चौथा चरण तेथेंहि आखूडच. आमचा तर्क असा कीं शार्ङ्गदेवाच्या काळीं शेवटीं 'ओवी' हें नुसतें पद येत असे, त्याचीच जागा पुढें या आखूड चरणानें घेतली. तीन, 'ओवी' हा शब्द गाण्यांतच उच्चारण्याची रीत. ती आजतागाईत मेलेली नाहीं. पहिली ओवी अमुक देवास, दुसरी अमुक देवास, अशी मोजदाद करीत ओवीचें नांव ओवींत घालण्याची चाल खेडोपाडीं सर्वांस परिचित आहे. आठशें वर्षांपूर्वींचें लक्षण आजीबाईंच्या तोंडीं असें टिकून आहे.

देवगिरीच्याच राज्यांत, शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं सुमारें नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध केला. समारोपांत त्यांनीं मुलांनाहि सहज समजेल अशा ओवीच्या प्रबंधांत आपण अक्षरें गुंफल्याचें सांगितलें आहे. 'प्रबंध' हा शब्द तेथें सैल अर्थानें नसून संगीतशास्त्रांतील पारिभाषिक अर्थानें आला असावा, असें शार्ङ्गदेवाचा प्रबंधाध्याय वाचल्यावर वाटूं लागतें. ज्या छंदांत बायका साळी सडीत होत्या, तोच छंद गीतार्थासाठीं निवडला गेला. कांडणाच्या गाण्यास एवढी प्रतिष्ठा पूर्वीं कधींच लाभली नव्हती.

(६) गाण्यानें श्रम कसा हलका होतो

आतां या गाण्याचें काम पाहूं. उखळाशीं दोन बायका समोरासमोर उभ्या राहून एकाआड एक मुसळाचे घाव घालतात, तेव्हां ताल ही हौसेची गोष्ट राहत नाहीं. एकीचें मुसळ वर जात असतां दुसरीचें खालीं आलें पाहिजे. क्षणाचा चुकारपणा झाला तर मुसळावर मुसळ आपटतें, दाणे उडतात, बोट चेंगरतें. अशा वेळीं गाणें हें दोघींचें मोजमाप होतें. श्वास कोठें घ्यावा, जोर कोठें लावावा, थोडें थांबावें कोठें, हें सर्व गाणें ठरवितें. तीन जुळते खंड आणि मग एक आखूड पद हा घाट अशा कामास किती सोईचा, हें वेगळें सांगावयास नको : तीन वेळां बांधलेला जोर आणि चौथ्या वेळीं दम.

जात्याचें काम निराळें. तेथें आघात नाहीं, फिरत आहे. खुंट्यास धरून वरची तळी सारख्या गतीनें फिरवावयाची, डाव्या हातानें मूठ मूठ वैरण घालावयाची. घाईनें फिरविलें अगर वैरण फार घातली तर पीठ भरड निघतें. म्हणून तेथें गाण्याचा उपयोग जोर मोजण्याकडे नसून गति सारखी राखण्याकडे आहे. नोकरीच्या निमित्तानें आम्हीं ज्या खेड्यांत राहिलों, तेथें पुष्कळदां असें पाहिलें कीं ओवीचा शेवटचा आखूड चरण संपून पुढची सुरू होण्यापूर्वीं जो विसावा पडतो, त्यांतच हात वैरणीकडे जातो. मुसळासाठीं घडलेला घाट जात्यासहि असा उपयोगी पडला. ओवी उखळावरून जात्यावर आली असावी, आणि येतांना तिला आपलें रूप फारसें बदलावें लागलें नाहीं, असें आम्हांस यावरून वाटतें.

आणखी एक निरीक्षण नमूद करण्यासारखें आहे. म्हाताऱ्या बायकांस नुसतें समोर बसवून ओव्या सांगा म्हटलें, तर चारदोन आठवतात आणि बाकीच्या आठवेनाशा होतात. खुंट्यास हात लागला कीं त्याच बाईच्या तोंडून ओवीमागून ओवी येऊं लागते. तिची पोथी जणूं हातांत असते, डोक्यांत नव्हे. ग्रंथप्रामाण्यावर वाढलेल्या आम्हांस ही गोष्ट पचनीं पडावयास बराच काळ लागला.

तथापि श्रम हलका होतो म्हणजे काय, याची मर्यादा सांगितली पाहिजे. ओवीनें दळण कमी होत नाहीं. पायलीभर जोंधळे ते पायलीभरच, आणि पहाटे उठणें तें उठणेंच. ओव्यांचा विषय पाहिला तरी त्यांत सुखच सुख आहे असें नाहीं. माहेरची ओढ, भावाची वाट, सासरचा जाच, सीतेचा वनवास, लेकाचें कौतुक, पंढरीची वाट, हें सर्व त्यांत येतें. जें घरांत कोणापाशीं बोलतां येत नाहीं तें जात्यापाशीं बोलतां येतें, कारण त्याच्या घरघरींत तें विरून जातें. जातें हें तेव्हां दगड राहत नाहीं. त्यास देव, ऋषि, सखा म्हणून हांक मारली जाते. चरकानें रुग्णाजवळ जो गीतकुशल माणूस ठेवला, त्याची जागा येथें गाणारीच्या स्वतःच्या गळ्यानें घेतली आहे. म्हणून ओवीचें कौतुक करतांना त्या श्रमाचें कौतुक होऊं नये. कष्टावर गोड पडदा घालण्यासाठीं तिचा दाखला देणें हा त्या बायकांवर अन्याय होय. त्यांनीं कष्टांतून माणूसपण राखलें, एवढें मोठें श्रेय त्यांचें आहे, आणि तें पुरेसें आहे.

(७) परंपरेचे दोन साक्षीदार

लेखी परंपरेंत दळणकांडणाचें गाणें ज्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें तें नांव जनाबाईचें. नामदेवांच्या घरची ही दासी दळतांना आणि कांडतांना विठ्ठलास सांगाती करते, हा तिच्या नांवावरील अभंगांचा आवडता विषय. पंढरपुराजवळ गोपाळपुरास जनाबाईचें म्हणून जातें दाखवितात. त्या दगडाच्या प्राचीनतेविषयीं आम्ही वाद घालीत नाहीं. परंतु एखाद्या संताची खूण म्हणून पादुका, वीणा किंवा पोथी न दाखवितां जातें दाखविलें जावें, ही गोष्ट स्वतःच पुरावा आहे. हें गाणें श्रमाच्या वस्तूपासून वेगळें करतां येत नाहीं, हें लोकांनीं आपल्या रीतीनें नोंदून ठेविलें आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे विवाहविधि. लग्नापूर्वीं 'घाणा' भरण्याचा विधि पुष्कळ घरांत अजून होतो. दोन मुसळें एकत्र बांधून, त्यांस आंब्याचीं पानें लावून, सुवासिनी तीं उखळांत धरतात, हळद-धान्य कांडण्याचा उपचार करतात आणि ओव्या म्हणतात. जात्यासहि सुपारी बांधून त्यावर हळद दळण्याची चाल आहे. रोजच्या व्यवहारांतून नाहींशा झालेल्या वस्तु धर्मविधींत टिकून राहतात, हा इतिहासाचा नेहमींचा अनुभव. अरणीनें अग्नि काढणें यज्ञापुरतें उरलें, तसें मुसळावरचें सामुदायिक गाणें लग्नापुरतें उरलें आहे. सोमेश्वराच्या अर्ध्या श्लोकास आज प्रत्यक्ष दाखवितां येईल असें भाष्य हवें असेल तर तें घाण्याच्या विधींत आहे. ज्यांच्या घरीं तो होत असेल त्यांनीं पुढील प्रसंगीं कान देऊन ऐकावें. त्या ओव्यांची चाल दळणाच्या ओव्यांहून भिन्न आहे कीं तीच, हें पाहणें आमच्या सिद्धांताच्या कसोटीस फार उपयोगी पडेल.

(८) संग्रहाचा इतिहास आणि आपलें कर्तव्य

ओव्यांचा संग्रह करण्याचें काम विसाव्या शतकांत झालें. साने गुरुजींनीं 'स्त्री-जीवन' या ग्रंथांत ओव्या एकत्र करून त्यांवर विवेचन केलें. कमलाबाई देशपांडे यांनीं 'अपौरुषेय वाङ्मय' या समर्पक नांवानें स्त्रीगीतांचा विचार मांडला. इ. स. १९५१ मध्यें खानदेशांतील बहिणाबाई चौधरी निवर्तल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांचीं गाणीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आलीं. त्यांस अक्षरओळख नव्हती. घरच्या मुलांनीं वहीवर उतरून ठेविलें म्हणून तें धन हातीं आलें. ती वही नसती तर मराठी साहित्यांतील एक मोठें नांव आपणांस ठाऊकच झालें नसतें.

पुढें इ. स. १९८० नंतरच्या काळांत फ्रान्सांतून पुण्यास आलेले गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतील बायकांच्या सहकार्यानें जें काम केलें त्यास तोड नाहीं. हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनीं जमविल्या. त्यांपैकीं पुष्कळांचें ध्वनिमुद्रण झालें, आणि इ. स. २०१७ पासून तो संग्रह सर्वांस ऐकावयास खुला झाला आहे. त्यांत राम-सीता आणि पंढरी आहेतच, पण डॉ. आंबेडकरांविषयींच्या ओव्याहि आहेत. बाराव्या शतकांतील घाट विसाव्या शतकाचा आशय असा सहज पेलतो, हें पाहून ओवीस केवळ जुनेपणाची वस्तु मानणाऱ्यांनीं आपलें मत पुन्हां तपासावें.

मधल्या काळांत पिठाची गिरणी गांवोगांव पोहोंचली. बाईच्या डोक्यावरचें ओझें उतरलें, आणि तें उतरलें हें फारच चांगलें झालें. परंतु काम गेलें तसें गाणेंहि गेलें, कारण त्यास दुसरें बैठकस्थान नव्हतें. आतां दळतां दळतां ओवी शिकलेली पिढी वृद्ध झाली आहे. पोथी वाळवी लागूनहि शंभर वर्षें टिकते. कंठांतील पोथी एका रात्रींत नाहींशी होते.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंती आहे. आपण दप्तरें आणि बाडें शोधण्यासाठीं गांवोगांव जातां, जुन्या वाड्यांत बसतां, माळ्यावरचीं बासनें सोडतां. त्याच वाड्यांत माजघरांत एखादी वृद्धा बसलेली असते. कागद पाहून झाल्यावर तिच्यापाशींहि घटकाभर बसावें. नुसते शब्द उतरून घेणें पुरेसें नाहीं. चाल ध्वनिमुद्रित करावी. ती ओवी दळतांनाची, कांडतांनाची, पाळण्याची कीं घाण्याची, हें विचारून लिहावें. जातें घरांत असेल तर तें मांडून तिचा हात खुंट्यास लावूं द्यावा, आणि मगच ऐकावें. गांव, तालुका, तिचें वय, ओवी तिनें कोणापासून उचलली, आणि तिच्या माहेरचा मुलूख कोणता, याची नोंद ठेवावी, कारण ओव्या सुनांबरोबर गांव बदलतात. तिच्या संमतीवांचून तिचें नांव अगर खासगी दुःख छापूं नये. मुसळाची ओवी कोठें सांपडली तर ती विशेष काळजीनें टिपावी.

सोमेश्वरानें आपल्या शंभर अध्यायांत अर्धा श्लोक या बायकांस दिला. राजाच्या विनोदांची यादी करतांना त्याच्या कानीं मुसळाचा ठेका पडला आणि तो थांबला, एवढ्यानेंच नऊशें वर्षांची साक्ष आपल्या हातीं आली. आपल्या नोंदवह्यांत त्यांस अर्ध्या श्लोकाहून अधिक जागा मिळावी.